चौथी रांग

'पैलतीर' स्थानकाच्या नियंत्रणकक्षात एक भिंतभर पडदा होता. स्थानकातून पृथ्वीकडे जाणारी माहिती कुठल्या रांगेला नेमून दिली आहे ते त्यावर दिसत असे. सगळ्यात वर पहिली रांग, मग दुसरी, तिसरी, चौथी. तिसऱ्या रांगेसमोर अक्षरं होती : डॉ. शबनम मुजावर, आघातचमका. चौथीसमोर : डॉ. केशव अष्टपुत्रे, आदिहायड्रोजन.

रोज सकाळी चहाचा मग हातात घेऊन अष्टपुत्रे त्या पडद्यासमोरून जात. तिकडे बघायचं नाही असं ते रोज ठरवत, आणि रोज त्यांची नजर नेमकी त्या दोन ओळींवर जाई. सात महिन्यांत हे एकदाही चुकलं नव्हतं.

स्थानक चंद्राच्या पलीकडल्या बाजूला होतं. तिथून पृथ्वी कधीच दिसत नाही. त्यामुळे पृथ्वीचा रेडिओ-गोंगाटही तिथे पोचत नाही, आणि म्हणूनच अष्टपुत्र्यांनी तिथे आपला अँटेनांचा पट्टा उभारला होता. पहिले तारे पेटण्याआधी विश्वात नुसता काळोख आणि हायड्रोजन होता. त्या हायड्रोजनने सोडलेली अतिशय क्षीण लहर अजून अवकाशात रेंगाळते आहे. ती ऐकायची, एवढं एकच काम ते एकतीस वर्षं करत होते. आता त्यांचं वय एकसष्ट होतं.

शबनम त्यांची विद्यार्थिनी. मिरजेला सतार बनवणाऱ्यांच्या घरात वाढलेली, कानाची विलक्षण तिखट. पुण्याला ती त्यांच्याकडे संशोधनाला आली तेव्हा गोंगाटातून खरा संकेत ती आलेख न बघता, आवाजात रूपांतर करून, नुसतं ऐकून ओळखायची. दुसऱ्याच वर्षी तिने त्यांच्या एका जुन्या समीकरणातली चूक दाखवली. भर सभेत त्यांनी तिचं मनापासून कौतुक केलं होतं, आणि घरी आल्यावर जेवण न करता ताटावरून उठले होते. पुढे तिने स्वतःचा विषय निवडला : चंद्रावर उल्का आदळल्या की अंधारात क्षणभर चमक उठते, त्या चमका टिपायच्या. सोपा विषय, असं अष्टपुत्रे तेव्हा म्हणाले होते. आता तिच्या चमकांची चित्रं पृथ्वीवरच्या शाळांमधल्या भिंतींवर लागली होती.

आणि स्थानकावर तिचं नाव त्यांच्या नावाच्या वर होतं.

रांगा ठरवण्याची बैठक झाली तो दिवस त्यांना पक्का आठवत होता. संगणकजाळ्याची सगळी व्यवस्था वैजयंती सोनकांबळे या अभियंतीकडे होती. चाळिशीची, कमी बोलणारी बाई. तिने टेबलावर मुख्य स्विच ठेवला होता, जेवणाच्या डब्याएवढा.

"पृथ्वीशी आपला दुवा एकच आहे, वरचा उपग्रह," ती म्हणाली होती. "तो अरुंद आहे. सगळ्यांची माहिती एकदम त्यातून मावत नाही. म्हणून माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर एक वर्गखूण असते, आणि हा स्विच ती खूण बघून पुडकं त्या त्या रांगेत घालतो. पहिल्या रांगेत आवाज आणि धोक्याच्या सूचना. दुसरीत यंत्रांना द्यायच्या आज्ञा. तिसरीत असं विज्ञान, जे लगेच पोचलं पाहिजे. चौथीत असं विज्ञान, जे थांबू शकतं."

"आणि पहिल्या रांगेला किती थांबावं लागतं?" कुणीतरी विचारलं.

"तिथे थांबणं नसतंच."

अष्टपुत्र्यांनी ते वाक्य ऐकलं, आणि त्यानंतरचं फारसं ऐकलंच नाही. कारण तेवढ्यात शबनम बोलायला उठली होती. "माझ्या चमका तिसऱ्या रांगेत असाव्यात," ती म्हणाली, "चमक दिसली की पृथ्वीवरच्या दुर्बिणी लगेच तिकडे वळवाव्या लागतात. सरांची माहिती चौथीत असावी. ती तीन दिवसांनी पोचली तरी चालेल."

तरी चालेल! एकतीस वर्षं, आणि तीन दिवसांनी पोचली तरी चालेल. त्यांनी मान डोलावली. बैठकीच्या इतिवृत्तात तसं नोंदलंही गेलं : 'डॉ. मुजावर यांची सूचना, डॉ. अष्टपुत्रे यांची संमती.'

त्यानंतर ते शबनमशी नेहमीसारखेच वागत. तिच्या लेखातलं व्याकरण तपासून देत, तिच्या विनोदांना हसत. फक्त तिचा एखादा आकडा चुकला तर तो दिवस त्यांना बरा जाई, आणि हे आपल्याला कळतं आहे याची त्यांना लाज वाटे. लाज वाटून गेली तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिचे आकडे तपासायला बसत.

*

ज्या दिवसाची ते वाट बघत होते तो आला. सूर्य, गुरू आणि आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग, तिन्ही एकाच वेळी क्षितिजाखाली. अकरा तासांची संपूर्ण रेडिओ-शांतता. त्यातले निदान दहा तास अखंड, एकही खाच न पडता नोंदले गेले, तर आदिहायड्रोजनची लहर गोंगाटातून वेगळी काढता येणार होती. पुढचा असा योग एकोणीस वर्षांनी होता.

बाहेर चांद्ररात्र सुरू असली तरी स्थानकाच्या घड्याळात सकाळचे नऊ वाजले होते. शबनम अवकाशपोशाख चढवत होती. तिचा एक कॅमेरा उत्तरेच्या डोंगरधारेवर बंद पडला होता, तो बघायला ती चांद्रगाडीने निघाली होती.

"सर, आज तुमचा दिवस," ती हसून म्हणाली. "आल्यावर ऐकवा काय सापडलं ते."

"तीन दिवसांनी कळेल," अष्टपुत्रे म्हणाले. "मी चौथ्या रांगेत आहे."

ती काहीतरी बोलणार होती. पण शिरस्त्राणाची कडी लागली आणि ती दाराकडे वळली.

अष्टपुत्रे यंत्रखोलीत आले आणि दार लावून घेतलं. काय करायचं ते त्यांनी महिनाभर आधी ठरवलं होतं. शास्त्रज्ञांच्या यंत्रांनी स्वतःच्या माहितीवर कुठलीही वर्गखूण मारली तरी स्विच ती पुसून नेमून दिलेलीच खूण लावत असे. पण भिंतीवरच्या फोनांचं तसं नव्हतं. फोनकडून आलेल्या खुणेवर स्विच डोळे मिटून विश्वास ठेवी. वैजयंतीनेच एकदा जेवताना सांगितलं होतं : "संकटात कुणी फोन उचलला तर त्याची ओळख तपासत बसायला वेळ नसतो." आणि प्रत्येक फोनच्या तळाशी, जवळच्या संगणकासाठी, एक जादा खाच होती.

त्यांनी अँटेनांच्या संग्राहकाची तार भिंतीतून काढली आणि फोनच्या त्या खाचेत बसवली. मग संगणकावर पाठवणीच्या रकान्यात आवाजाची वर्गखूण लिहिली. संगणकाने एक सूचना दाखवली : 'या वर्गात पोच मागितली जात नाही. पाठवल्यावर मूळ प्रत ठेवली जाणार नाही.' त्यांनी ती वाचली. पोच कशाला हवी, पहिल्या रांगेतून जाणार आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी बटण दाबलं.

शांततेचा काळ सुरू झाला. पडद्यावर हिरवी पट्टी पूर्ण वेगाने धावू लागली. पाठवलं, पाठवलं, पाठवलं. अष्टपुत्रे खुर्चीत मागे टेकले. शबनमच्या चमका आता त्यांच्या मागून जातील. त्यांच्या छातीत कित्येक महिन्यांनी मोकळं वाटलं. दुपारी पुण्याला फोन करून सांगायचं, की तीन दिवस थांबू नका, आत्ताच बघा. तोवर कुणालाच काही कळू द्यायचं नव्हतं.

*

दुपारी दोनच्या सुमारास मार्गिकेत धावपळ ऐकू आली.

नियंत्रणकक्षात वैजयंती कानाला हेडफोन दाबून उभी होती. ध्वनिवर्धकातून शबनमचा आवाज येत होता, पण तो आवाज कसला, आवाजाचे तुकडे होते.

"...डी उल... पाय अड... हवा सा... मिनि... मी उत..."

"शबनम, पुन्हा सांग! कुठे आहेस?"

"...उत... तिस... खाल..."

"गाडी उलटली आहे तिची," वैजयंती अष्टपुत्र्यांना म्हणाली. "गाडीचा स्थानदर्शक बंद पडलाय. स्थानकप्रमुख बचावगाडी घेऊन निघालेत, पण कुठल्या बाजूला जायचं? ती 'उत्तर' म्हणतेय की 'उतार', तेच कळत नाही. उत्तरेची धार एकीकडे आणि तिच्या परतीच्या वाटेवरचा जुन्या विवराचा उतार भलतीकडे. हवा साठ मिनिटांची आहे, ती तरी बहुतेक."

"तिचा रेडिओ बिघडला असेल."

"रेडिओ ठणठणीत आहे. धारेमागून असो की विवरातून, तिचा आवाज उपग्रहावर जातो, तिथून आपल्या स्विचमध्ये येतो. उपग्रहापर्यंत तो स्वच्छ पोचतोय. इथे गळतोय." तिने स्विचची आकडेवारी समोर ओढली आणि तिचे डोळे बारीक झाले. "पहिली रांग भरून वाहतेय. हे कसं शक्य आहे? पहिल्या रांगेत कुणीतरी प्रचंड माहिती ओततंय."

अष्टपुत्रे म्हणाले, "पण पहिल्या रांगेत तर थांबणं नसतं. सगळंच पुढे जात असेल ना?"

"थांबणं नसतं म्हणजे थांबायला जागा नसते, सर!" वैजयंती पडद्यावरून नजर न काढता बोलत होती. "आवाजाचं अक्षर दोन सेकंद उशिरा आलं तर त्याचा काय उपयोग? म्हणून पहिल्या रांगेत साठवण ठेवलेलीच नाही. दुव्याचा दहावा हिस्सा तिला दिलाय, त्याहून जास्त आलं की उरलेलं टाकून द्यायचं. तिथल्या तिथे. आवाजाला दहावा हिस्सा खूप झाला. पण कुणी दुव्याच्या निम्म्याएवढा लोंढा त्यात सोडला, तर पाचातली चार पुडकी जातात. त्याची जातात, आणि त्याच रांगेतल्या शबनमच्या बोलण्याचीही जातात. स्विचला दोघांतला फरक कळत नाही. दोघांवर खूण एकच."

पाचातली चार. अष्टपुत्र्यांनी तो हिशोब केला नाही, तो आपोआप झाला. अँटेनांचा प्रवाह दुव्याच्या बरोबर निम्मा होता. पाच तासांत दर पाच कणांतले चार स्विचच्या दारात फेकले गेले होते. मूळ प्रत नव्हती. हिरवी पट्टी इतका वेळ सांगत होती ते 'पोचलं' असं नव्हतं, 'पाठवलं' असं होतं.

"...उत..." ध्वनिवर्धक म्हणाला.

"कुठल्या फोनवरून येतंय ते शोधायला हवं," वैजयंती म्हणाली. "एकशेचाळीस फोन आहेत. एकेक बंद करत जाते."

"शोधू नका," अष्टपुत्रे म्हणाले. "माझ्या यंत्रखोलीतला आहे. मीच जोडलंय."

वैजयंतीने त्यांच्याकडे पाहिलं. अष्टपुत्रे वळले आणि धावले. एकसष्टाव्या वर्षी, चंद्राच्या हलक्या ओढीत भिंतींना आपटत ते यंत्रखोलीत पोचले आणि दोन्ही हातांनी ती तार ओढून काढली.

परत आले तेव्हा कक्षात शबनमचा आवाज घुमत होता. थकलेला, पण अक्षर न् अक्षर स्पष्ट.

"...पुन्हा सांगते. उतारावर आहे, विवराच्या. वाटेवरच्या तिसऱ्या खुणेच्या खांबापासून खाली. पाय गाडीखाली अडकलाय. हवा पन्नास मिनिटं."

बचावगाडी तोवर उत्तरेच्या धारेकडे चार किलोमीटर गेली होती. वैजयंतीने तिला माघारी वळवलं. वाट बघताना एकदा वैजयंती म्हणाली, "तुमच्या शांततेचे सहा तास उरलेत. तार भिंतीत लावा. चौथ्या रांगेत."

"दहा लागतात, अखंड."

"माहीत आहे. तरी लावा."

ते गेले आणि तार लावून आले.

शबनमला आत आणलं तेव्हा पोशाखात सहा मिनिटांची हवा शिल्लक होती.

*

तिचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला होता. चौथ्या दिवशी तिला बसता येऊ लागलं, तेव्हा अष्टपुत्रे तिला भेटायला गेले. तोवर त्यांनी लेखी जबाब दिला होता. पुढच्या यानाने ते परत जाणार होते. उरलेल्या सहा तासांची नोंद आदल्या दिवशी पृथ्वीवर पोचली होती, एकही कण न गळता. एवढ्यावरून काही सिद्ध होणार नव्हतं.

ते पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले.

"वैजूने सांगितलं मला सगळं," शबनम म्हणाली. "का केलंत सर असं? तुम्हाला पहिली रांग कशाला हवी होती?"

त्यांनी बरीच उत्तरं तयार करून आणली होती. पण तोंडातून वेगळंच निघालं. "तुझं नाव माझ्या वर होतं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली. त्या हसण्यात गंमत मुळीच नव्हती.

"तुम्हाला हेवा वाटत होता? माझा? तिसऱ्या रांगेचा?"

"बैठकीत तूच म्हणालीस, सरांचं तीन दिवसांनी पोचलं तरी चालेल."

"हो, म्हणाले. कारण चालणार होतं! सर, तिसरी रांग काय असते माहीत आहे? लगेच जायचं म्हणजे थोडीच साठवण. गर्दी झाली की गळतंच. माझं शंभरातलं बारा गळतं. मोठ्या चमका पोचतात, शाळांच्या भिंतींवर लागतात. बारीक चमका, ज्यांच्यात खरं काहीतरी आहे, त्या जातात. गेल्या सात महिन्यांत माझ्या चाळीस गेल्या. मला त्यांची फक्त वेळ माहीत आहे. चमक नाही." तिचा आवाज चढला होता. "चौथ्या रांगेत एक कण हरवत नाही. पोच येईपर्यंत प्रत ठेवतात, पुन्हा पाठवतात, तीन दिवस लागू देत नाहीतर तीस. ती साठवण एकच आहे, एकाच यंत्राला पुरेल एवढी. मला ती हवी होती. बैठकीच्या आदल्या दिवशी मी वैजूशी भांडलेही त्यावरून. ती म्हणाली, तुझं निम्मं काम गळतीतही होतं. सरांचं एक कण गेला तरी होत नाही. ते खरं होतं. म्हणून मी उठून तशी सूचना केली. सूचना केली, आणि खोलीत जाऊन रडले."

"चाळीस," अष्टपुत्रे म्हणाले.

"सात महिने रोज तो पडदा बघत होते मी," शबनम म्हणाली. "चौथ्या रांगेपुढे तुमचं नाव. रोज वाटायचं, या माणसाला सगळं मिळतं. पूर्वीपासून."

बाहेरून कुणीतरी ढकलगाडी नेल्याचा आवाज आला.

मग शबनमने उशीखालून दोन टाचलेले कागद काढले. "तुम्ही जाणार म्हणजे चौथी रांग रिकामी होणार. बारीक चमकांसाठी मी अर्ज केलाय. रांग बदलायला रांगा ठरवणाऱ्या समितीतल्या एकाची शिफारस लागते." ती थांबली. "तुमची नको असं वैजू म्हणाली. पण यान येईपर्यंत तुम्ही समितीवर आहात, आणि या विषयातलं दुसऱ्या कुणाला कळत नाही."

अष्टपुत्र्यांनी अर्ज वाचला. नेहमीच्या सवयीने आकडे तपासले. एका ठिकाणी ते थांबले.

"इतक्या क्षीण चमका? या तुझ्या उपकरणाला दिसणार नाहीत."

"दिसतील. आठ कॅमेऱ्यांची नोंद एकत्र लावली की दिसतात. फक्त एकही कण गळता कामा नये. हे बघा, इथे."

त्यांनी पाहिलं. पद्धत बरोबर होती. इतकी साधी आणि इतकी बरोबर, की ती आपल्याला एकतीस वर्षांत का सुचली नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. आणि त्या प्रश्नामागोमाग ती जुनी, ओळखीची कळ उठली, बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला. एवढं सगळं होऊन ती गेलेली नव्हती.

"यातून काय मिळेल?" त्यांनी विचारलं.

"चंद्रावर रोज किती धूळ पडते ते. कदाचित ती कुठून येते तेही." ती क्षणभर थांबली. "पुष्कळ मिळेल, सर."

"हो," अष्टपुत्रे म्हणाले. "मिळेल."

त्यांनी खिशातून पेन काढलं. 'शिफारशीचं कारण' या रकान्यात लिहिलं : 'या माहितीला घाई नाही. तिच्यातलं काहीही हरवता कामा नये.' खाली सही केली. अक्षर वळणदार आलं. फक्त नेहमीपेक्षा जरा दाबून लिहिलं गेलं, इतकं की मागच्या कागदावर त्यांचं नाव उमटलं.